शकूने घेतलेलं नाव

कुंडलिकभाऊ सुखरूप आहेत, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर वाचणारा शेवटपर्यंत जीव मुठीत धरून बसेल. मी तशी बसलेय, आणि ते मी वैऱ्यालाही करायला लावणार नाही. आज सकाळीच ते बाजारातून मेथीची जुडी घेऊन येताना दिसले. जुडी पिवळी पडलेली होती म्हणून शकूने त्यांना जिन्यातच धारेवर धरलं. म्हणजे सगळं जागच्या जागी आहे.

शकू म्हणजे शकुंतला, माझी शेजारीण. कल्याणजवळ मोहन्याला आमच्या बिल्डिंगमध्ये ती तिसऱ्या मजल्यावर राहते, मी दुसऱ्या. माहेर जुन्नरकडचं, सासर मूळचं तिकडचंच. पण सासऱ्यांना इथल्या रेयॉनच्या कारखान्यात नोकरी लागली आणि सगळं बिऱ्हाड उल्हास नदीच्या काठाला आलं. कुंडलिकभाऊंचं लहानपण इथलंच, पुढे तेही त्याच कारखान्यात लागले. लग्न होऊन आलेली शकू जेमतेम सातवी शिकलेली. तिने एकट्या राहणाऱ्या कामगारांसाठी डबे सुरू केले. कारखाना बंद झाला तेव्हा कुंडलिकभाऊंना शीळफाट्याच्या एका गोदामात काम मिळेपर्यंत घर त्या डब्यांवरच चाललं. मुलगा विनीत शिकला, चांगल्या नोकरीला लागला, आता बायकोबरोबर ठाण्याला कोलशेतला राहतो. शकू वाण्याशी भांडेल, सोसायटीच्या सेक्रेटरीला टाकीवर चढवून 'बघा आत काय पोहतंय ते' म्हणेल. आवाज असा की तिने वरून भाजीवाल्याला थांबवलं की पलीकडच्या गल्लीतला रिक्षावालाही ब्रेक मारतो.

फक्त एक गोष्ट या बाईने कधी केली नाही. नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही.

मला हे पहिल्याच भेटीत कळलं. मी तेव्हा पोस्टात काउंटरवर होते. शकू नवऱ्याच्या नावाने आलेलं रजिस्टर पाकीट न्यायला आली.

"कोणाच्या नावाने आलंय?" मी विचारलं.

"आमच्या ह्यांच्या."

"ह्यांचं नाव काय?"

तिने एकदा मागच्या रांगेकडे बघितलं, मग म्हणाली, "विठोबाला विटेवर कोणी उभं केलं?"

"पुंडलिकाने. त्याचं इथे काय?"

"तसंच आहे. फक्त सुरुवात कमळातल्या 'क'पासून."

मागची रांग खो-खो हसायला लागली. मीही हसले, पण मनातून वैतागले होते. लोकांना नाव विचारण्यात माझी सगळी नोकरी गेली. नाव ही माझ्या लेखी माणसाला हाक मारायची सोय आहे, ती वापरायचीच नसेल तर बारसं घालायचं कशाला? आमच्या घरी मी राजरत्नला राजरत्नच म्हणते. लग्न ठरलं त्याच दिवशी तो म्हणालेला, "मला अहो म्हणालीस तर मी ओ देणार नाही." माझ्या सासूबाईंना सुरुवातीला ते खटकलं, मग सवय झाली. जगबुडी काही झाली नाही.

पुढे शेजार जमला तेव्हा शकूने मला खरं कारण सांगितलं. मला वाटत होतं लाजते. लाज नव्हती, भीती होती. तिच्या सासूबाईंनी लग्नानंतर तिला बजावलेलं, नवऱ्याचं नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं. एकदा रेशनच्या दुकानात माणसाने खेकसून विचारलं, 'नवऱ्याचं नाव काय? मोठ्याने बोल.' नवी पोर, घाबरली आणि बोलली. त्याच आठवड्यात कुंडलिकभाऊंना कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे, तोंडात अन्नाचा कण जाईना, दवाखान्यात ठेवावं लागलं. सासूबाईंनी तिथेच विचारलं, "नाव घेतलंस का गं कुठे?" शकूने मान डोलावली. तेव्हापासून तोंडाला कुलूप.

"अगं, कावीळ पाण्यातून होते, नावातून नाही," मी तिला किती वेळा सांगितलं.

"तुझ्या राजरत्नला काही झालं नाही म्हणून बोलतेस," ती म्हणायची. "मी त्यांना तिथे पडलेलं बघितलंय. मला नको बाई ती परीक्षा."

मूर्खपणा वाटायचा, पण त्या मूर्खपणात तिचा जीव अडकला होता, हेही दिसत होतं. मी तो विषय सोडून दिला.

सकाळी मैदानात हात-पाय हलवणारा आमचा एक गट आहे, सगळी साठीच्या आसपासची जोडपी. गेल्या हिवाळ्यात सगळ्यांनी मालवणला जायचं ठरवलं. नुसतं किल्ला बघून मासे खाऊन यायचं नाही, तर पाण्यात तोंड घालून खालचे प्रवाळ बघायचे, स्नॉर्केलिंग करायचं, हे खूळ राजरत्नचं. त्याने कुठल्यातरी व्हिडिओत बघितलेलं. बायकांनी आधी नाकं मुरडली, मग लेगिंग्ज कुठे स्वस्त मिळतात याची चौकशी सुरू केली.

जायच्या आधी आम्ही काही रविवार कल्याणच्या एका तरणतलावात सराव केला. डोळ्यांवर मास्क, तोंडात नळी, नाक बंद आणि श्वास तोंडाने घ्यायचा. सांगायला सोपं आहे. पहिल्या दिवशी सगळ्याजणी पाणी पिऊन बाहेर आल्या. शकूला पोहायचं अजिबात येत नाही, पण नळीतून श्वास घ्यायला तीच सगळ्यात आधी शिकली. "चुलीपुढे फुंकणी धरून आयुष्य गेलं," म्हणाली, "हे तर उलटं काम." कुंडलिकभाऊ मात्र सरावाला एकदाही आले नाहीत. "मी उल्हास नदीत वाढलोय," मिशीवर हात फिरवत सांगायचे. "पावसाळ्यात या काठावरून उडी मारून त्या काठाला निघालेलो. मला तलावात काय शिकवता?"

विनीत रोज फोन करून बजावत होता, "आई, बाबांना पुढे जाऊ देऊ नको." शकू त्याला सांगायची, "तुझे बाबा माझं ऐकतात का कधी?" हे अगदी खरं होतं. तिने 'अहो' म्हणायचं आणि त्यांनी पेपर उलटायचा, ही त्यांच्या घराची रीत. पहिल्या 'अहो'ला ओ दिलेली मी तरी ऐकली नाही.

तर आम्ही मालवणजवळच्या एका किनाऱ्यावर पोचलो. पाणी इतकं नितळ की होडीची सावली तळाच्या वाळूवर पडलेली दिसायची. थोडं आत खडकांची रांग आणि तिच्यावर प्रवाळ. आम्हाला नेणारा पोरगा तिथलाच, ऋतुराज नावाचा. काळा-सावळा, अंगाने किरकोळ, पण बोलणं हेडमास्तरासारखं. मला असली माणसं आवडतात.

त्याने आम्हाला वाळूत बसवून सगळं समजावलं. लाइफ जॅकेटचा एकही पट्टा सैल ठेवायचा नाही. मास्कमध्ये थुंकून काच पुसायची म्हणजे धुकं धरत नाही, यावर बायकांनी 'ईऽऽ' केलं. प्रवाळाला हात लावायचा नाही, पाय ठेवायचा नाही. तो जिवंत असतो, आपण तुडवला की मरतो, आणि आपलंही कातडं सोलून काढतो. काळे काटेरी गोळे दिसतील त्यांच्यापासून लांब. पिवळे तरंगते बोये लावून दोर बांधलाय, त्याच्या बाहेर कोणी जायचं नाही, कारण ओहोटी लागली की खडकांच्या फटीतून पाणी बाहेर ओढतं आणि पलीकडून होड्या जातात. घाबरायला झालं, मदत लागली, होडी जवळ दिसली, तर एक हात सरळ वर. शिट्टी वाजली की सगळ्यांनी डोकं वर काढून त्याच्याकडे बघायचं.

"आणि सगळ्यात मोठी गोष्ट," तो म्हणाला, "पाण्यात एकटं कोणीच नाही. जोडी-जोडीने राहायचं. थोड्या थोड्या वेळाने डोकं वर काढून जोडीदाराला हाक मारायची. नावाने. 'अहो' चलाचा नाय हां काकी. इथे सगळेच अहो आहेत. मागे एकदा एका काकींनी 'अहो' केलं, तर सहा काका वर आले आणि ज्यांना बोलावलं ते आलेच नाहीत."

सगळे हसले. पण तो हसत नव्हता. त्याने प्रत्येक बाईला उभं करून नवऱ्याचं नाव मोठ्याने घ्यायला लावलं. मग काय, आमच्या बायकांना तेवढंच हवं होतं. शेवंतीताई कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "लाइफ जॅकेट घातलं, मास्क लावला डोळा, दगडूरावांचं नाव घेते, दोराच्या आत खेळा!" टाळ्या पडल्या. दगडूराव साठीतही लाजले.

नेमकं तेव्हाच मला उठावं लागलं. राजरत्नला नळीवर समाधान नव्हतं, त्याला पाठीवर सिलिंडर लावून खोल जायचं होतं. ते काम दुसऱ्या लोकांकडे होतं आणि त्यांनी त्याला साफ नाही म्हणून सांगितलं. प्रवासात त्याला सर्दी झालेली. नाक चोंदलेलं असताना खोल गेलं की कानातला दाब सुटत नाही, पडदा फाटू शकतो. राजरत्न त्यांच्याशी हुज्जत घालत होता, "अरे, नाक गळतंय, कान कुठे गळतोय?" मी जाऊन त्याला दंडाला धरून आमच्या होडीत बसवलं आणि सगळ्यांचे टॉवेल त्याच्या मांडीवर दिले. तो रुसून बसला. मी परत आले तोवर नावं घेऊन झाली होती आणि सगळे पाण्यात उतरत होते. शकूही उतरत होती. म्हणजे हिनेही घेतलं की काय, असं माझ्या मनात आलं, पण विचारायला सवड झाली नाही. माझा जोडीदार होडीत नाक पुसत बसलेला, त्यामुळे ऋतुराज म्हणाला, "काकी, तुम्ही माझ्याबरोबर."

पाण्याखालचं मी काय सांगू? मी तोंड खाली घातलं आणि नोकरी, पेन्शन, गुडघे, सगळं विसरले. पिवळ्या पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांजवळून असे जात होते, जणू मी तिथलीच. प्रवाळ कुठे फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा, कुठे हरणाच्या शिंगांसारखा. मधूनच डोकं वर काढलं की चहूकडून हाका ऐकू यायच्या. "दगडूऽ!" "हां, आहे!" शेवंतीताईंना ती हाक इतकी आवडली होती की त्या उगाचच मारत होत्या. शकू एका बोयाला धरून तरंगत होती, कुंडलिकभाऊ तिच्या जवळपास. मिशीमुळे त्यांच्या मास्कमध्ये पाणी शिरत होतं म्हणून मिशीला व्हॅसलीन फासलेलं, तेवढं चकाकत होतं.

बराच वेळ छान गेला. मग एका बाईंच्या पायात गोळा आला, आणि ऋतुराजचा साथीदार त्यांना होडीकडे घेऊन गेला. ऋतुराजने पाण्याकडे बघितलं, म्हणाला, "ओहोटी लागली. आता सगळ्यांना गोळा करू." त्याने शिट्टी फुंकली. माणसांची डोकी एकेक करून वर आली. त्यातलं एक डोकं दोराच्या पलीकडे होतं.

कुंडलिकभाऊ. नंतर कळलं, एक निळा-पोपटी मासा चोचीने प्रवाळ कुरतडत चाललेला, त्याच्या मागे लागून ते दोराखालून पलीकडे गेले. नदीत वाढलेल्या माणसाला दोर म्हणजे कपडे वाळत घालायची वस्तू. आणि तिथे पाणी त्यांना हळूहळू फटीतून बाहेर नेत होतं, जिथून होड्या जायच्या. समोरच्या बेटाकडून एक होडी येतच होती. ती चालवणारा तांडेल मान मागे वळवून पर्यटकांना काहीतरी दाखवत होता.

शिट्टी ऐकून कुंडलिकभाऊंनी डोकं वर काढलं होतं. ऋतुराज दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडला, "विनीत काकाऽ! मागे या! विनीत काकाऽऽ!"

कुंडलिकभाऊंनी इकडे-तिकडे बघितलं. हा कोण विनीत काका, असं त्यांना वाटलं असणार. आपल्याला नाही बोलावत म्हटल्यावर त्यांनी शांतपणे तोंड पुन्हा पाण्यात घातलं.

माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. शकूने नवऱ्याचं नाव घेतलंच नव्हतं. ऋतुराजने विचारल्यावर तिने मुलाचं नाव सांगून वेळ मारून नेली होती. मी ओरडायला म्हणून तोंडातली नळी उपसली, आणि नेमकी एक लाट सरळ माझ्या घशात गेली. मला ठसका लागला तो थांबेना. डोळ्यांतून पाणी, नाकातून पाणी. ऋतुराज एव्हाना त्यांच्या दिशेने सपासप हात मारत निघालेला, पण होडी त्याच्या आधी पोचेल हे मलासुद्धा दिसत होतं. भाऊंच्या पाठीवरचं केशरी जॅकेट आणि नळीचं टोक, एवढंच पाण्यावर होतं, आणि त्यावर ऊन चमकत होतं.

"अहो!" शकू ओरडली. "अहोऽऽ!"

आमच्या गटातल्या सगळ्या नवऱ्यांनी तिच्याकडे बघितलं. आमच्या होडीत राजरत्न उठून उभा राहिला, त्यानेसुद्धा. ज्याला बोलावलं तो सोडून सगळे. जन्मभर ज्या हाकेला त्यांनी पेपर उलटला, तिला ते भर समुद्रात काय ओ देणार?

मी शकूकडे बघितलं. ठसका लागलेला असतानाही तिचा तो चेहरा मला आठवतो. तिने मास्क कपाळावर ढकलला होता. ओठ हलत होते पण आवाज निघत नव्हता. समोर होडी येत होती आणि डोळ्यांपुढे तिला तो दवाखान्यातला पिवळा माणूस दिसत असणार. नाव घेतलं तर आयुष्य कमी होतं, आणि नाही घेतलं तर आत्ताच संपतंय. देवाने कोणाला असलं कोडं घालू नये.

मग ती ओरडली. मोहन्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा सगळा आवाज तिने लावला.

"कुंडलिऽऽक! ए कुंडलिक! मागे फिर रे! कुंडलिऽऽऽक!"

राव नाही, अहो नाही, जाहो नाही.

आणि कुंडलिकभाऊंचं डोकं ताडकन वर आलं. मानेला झटका बसावा तसं. ते हाकेच्या दिशेला वळले, वळताना त्यांना होडी दिसली, आणि ऋतुराजने सांगितलं होतं तसा त्यांचा हात सरळ वर गेला. होडीतल्या कोणीतरी किंचाळून बोट दाखवलं. तांडेलाने इंजिन बंद केलं आणि होडी वळवली. ती त्यांच्या अंगावरून गेली नाही, बाजूने गेली, पण इतक्या जवळून की तिच्या लाटेने भाऊ वर-खाली झाले. तेवढ्यात ऋतुराज पोचला, त्यांच्या जॅकेटला मागून धरलं आणि ओढत दोराच्या आत घेऊन आला.

मला इतकं हायसं वाटलं की मी खोकता खोकता रडायला लागले. राजरत्नने मला हात देऊन होडीत घेतलं. मी ओल्या अंगाने त्याला घट्ट धरलं, आणि त्याच्या सर्दीचे मनापासून आभार मानले. निदान हा तरी वरच होता.

किनाऱ्यावर आल्यावर ऋतुराज शकूसमोर वाळूत बसला. धाप लागली होती.

"काकी, विनीत कोण?"

"माझा मुलगा," शकू पुटपुटली.

"कुठे असतो?"

"कोलशेतला."

ऋतुराजने डोकं दोन्ही हातांत धरलं. "म्हणजे मी मघापासून कोलशेतला हाका मारत होतो."

शकूने त्याच्यापुढे हात जोडले. "चुकलं रे बाबा. माझ्यामुळे आज काहीतरी होऊन बसलं असतं." त्याने घाईघाईने तिचे हात धरले, म्हणाला, "झालं नाही ना, मग बस." पण कुंडलिकभाऊंना त्याने सोडलं नाही. "काका, नदी माणसाला या नाहीतर त्या काठाला लावते. समुद्राला पलीकडचा काठ नसतो." साठी उलटलेला माणूस शाळेतल्या पोरासारखा मान खाली घालून ऐकत होता. बोलून झाल्यावर म्हणाला, "माझंच चुकलं. दोराबाहेर मी गेलेलो, हिची काय चूक?" हे वाक्य त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच आलं असावं, कारण शकूने दचकून वर बघितलं.

चहा आला. सगळे हसत-बोलत होते, भाऊंच्या पाठीवर थापा मारत होते. आणि शकू एकटी टॉवेल गुंडाळून बाजूला बसलेली. मी जवळ गेले.

"माया, मी नाव घेतलं गं," ती म्हणाली. "एकदा नाही, किती वेळा घेतलं. आता काय होईल?"

माझं डोकं सणकलं. "काय व्हायचंय? वाचला तो! तुझ्या समोर बसून भजी खातोय. आणखी काय दाखला हवा तुला?"

भजी खाणारे भाऊ थांबले. त्यांनी प्लेट खाली ठेवली आणि कोणाकडे न बघता म्हणाले, "मला वाटलं, आईच बोलावतेय."

आम्ही दोघी त्यांच्याकडे बघायला लागलो.

"खरंच सांगतो. आई गेल्यापासून मला नुसत्या नावाने कोणी हाक मारली नाही. कारखान्यात आडनाव, गोदामात काका, विनीतचा मी बाबा, तुमचा मी भाऊ. घरी अहो. पाण्यात ती हाक आली आणि मला वाटलं, नदीवर खेळतोय, अंधार पडायला आलाय आणि आई बोलावतेय. तिच्या हाकेला थांबून चालायचंच नाही, ती काठी घेऊन यायची." ते हसले. मग प्लेट उचलून ते राजरत्नच्या शेजारी जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा पाण्यात उतरलो. हो, उतरलो. भीती तिथेच सोडून यायची असं ऋतुराजने ठरवलेलं, आणि मला ते पटलं. भाऊ या वेळी दोराच्या चांगले आत होते आणि शकूने त्यांचा पंजा गच्च पकडलेला. ऋतुराजने विचारलं, "काकी, आज हाक नाही?" ती म्हणाली, "हात धरलाय ना, मग हाक कशाला?" दोघं तसेच हातात हात घालून पाण्यावर पालथे पडून राहिले. लग्नानंतर इतका वेळ त्यांनी एकमेकांचा हात धरलेला मी तरी पाहिला नव्हता.

परतीच्या प्रवासात बसमध्ये शकू माझ्या शेजारी बसली. पुढच्या सीटवर राजरत्न आणि कुंडलिकभाऊ, दोघंही तोंड उघडं टाकून झोपलेले. पनवेल मागे पडलं. शीळफाट्याला नेहमीसारखी बस अडकली. बाहेर टेम्पो, ट्रेलर, रिक्षा, सगळ्यांचे हॉर्न. संध्याकाळचं ऊन खिडकीतून भाऊंच्या टकलावर पडलं होतं.

"माया," शकू अचानक म्हणाली, "सासूबाई म्हणायच्या, नाव घेतलं की आयुष्य कमी होतं."

"पुन्हा तेच का गं?"

"तसं नाही. ऐक ना. त्या स्वतः तर दिवसभर त्यांना नावाने हाका मारायच्या. कुंडलिक जेवायला ये, कुंडलिक पाणी भर, कुंडलिक कुठे मेलास. उठता-बसता. मग त्यांच्या घेण्याने कसं कमी नाही झालं?"

इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. कावीळ, पाणी, विज्ञान, सगळं सांगून झालं होतं, आणि इतकी साधी गोष्ट मला सुचली नव्हती.

"कमी नाहीच झालं," ती स्वतःशीच म्हणाली. तिने डोळे पुसले. मग पुढे वाकून, सीटच्या पाठीवर हात ठेवून, अगदी हळू आवाजात म्हणाली, "कुंडलिक."

बाहेर एवढे हॉर्न वाजत होते, राजरत्न घोरत होता. तरी भाऊंनी लगेच डोळे उघडले आणि मान वळवली.

"काय गं?"

"काही नाही," शकू म्हणाली. "झोपा."